आंतुआन लाव्हाझिए

बंद पडलेलें हृदय पुन्हां चालूं करण्यासाठीं रोग्याची छाती दाबली जात असतां मेंदूंतील रक्तांत प्राणवायु किती आहे, हें आज कांहीं इस्पितळांत कपाळावर प्रकाशयंत्र लावून मोजतात. अशा वेळीं आम्हांस लाव्हाझिएचें स्मरण होतें. १७४३ सालीं पॅरिस येथें जन्मलेल्या या शास्त्रज्ञानेंच प्राणवायूस ‘ऑक्सिजन’ हें नांव दिलें. १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत लाप्लासच्या साह्यानें गिनीपिगला बर्फाच्या यंत्रांत ठेवून, श्वसन हें मंद ज्वलनच होय, असें त्यानें दाखविलें. पुढें सहकारी सेगँवर प्रयोग करून, श्रमकालीं शरीर अधिक प्राणवायु घेतें, हेंहि मोजलें. राजाच्या करवसुलीच्या मक्त्यांत तो भागीदार होता. त्यापायीं राज्यक्रांतींत ८ मे १७९४ रोजीं, ५० वर्षांचा असतां, त्याचा शिरच्छेद झाला. मोजल्यावांचून मानूं नये, हा त्याचा धडा आम्हां विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.