कर्नल सायक्स आणि दख्खनचं वटवाघूळ

पक्षी बघायला जाणाऱ्यांनी 'सायक्सेस नाइटजार' हे नाव ऐकलं असेल. त्यातला सायक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. १७९० मध्ये यॉर्कशायरला जन्मला आणि पोरवयातच कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८१७ साली खडकीला पेशव्यांविरुद्ध लढला, म्हणजे तसा आपला शत्रूच!

१८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. दख्खनमधल्या कंपनीच्या चार जिल्ह्यांतली माणसं, पिकं, जमिनी असं सगळं मोजायचं काम. (आमचं वडूज तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होतं, म्हणून या मोजणीतून सुटलं.) मोजता मोजता हा गडी प्राणी-पक्षीही गोळा करू लागला. १८२९ च्या शेवटी सरकारने त्याची पोस्टच रद्द केली. आपण काय केलं असतं? सरळ बॅग भरली असती. सायक्सने मात्र पलटणीतून रजा मागितली आणि १८३१ पर्यंत अहवाल पुरा केला.

त्याच वर्षी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी लंडनला छापून आली. त्यातल्या एका वटवाघळाला त्याने नाव दिलं ऱ्हायनोलोफस दुखुनेन्सिस. 'दुखुन' म्हणजे आपलं दख्खन. पण तरंगमबाडीच्या त्याच जातीला श्नायडर या जर्मन माणसाने १८०० मध्येच 'स्पेओरिस' म्हटलं होतं. शास्त्राचा नियम असा की जे आधी छापलं ते खरं. आपलं दख्खन गेलं, 'स्पेओरिस' राहिलं.

आता आपल्याच लेण्यांत आणि पडक्या वाड्यांत लटकणारं दुसरं वटवाघूळ बघा, फॉल्स व्हॅम्पायर. ते किडे, बेडूक, पाली, उंदीर खातं. रक्तावर जगणारे खरे व्हॅम्पायर तीनच जातींचे, तेही फक्त अमेरिका खंडांत. याला १८१० मध्ये पॅरिसच्या जॉफ्रॉयने 'मेगाडर्मा लायरा' म्हटलं. हल्ली शास्त्रज्ञांनी त्याला 'लायरोडर्मा' गटात हलवलंय. आडनाव बदललं तरी 'लायरा' तसंच, कारण ते पहिलं. इंग्रजीतल्या बोलीनावाला मात्र असा कुठलाच नियम नाही, म्हणून रक्त न पिताही बिचाऱ्याला 'व्हॅम्पायर' चिकटलंय ते चिकटलंयच.

सायक्स पुढे १८५६ मध्ये कंपनीचा चेअरमन झाला, १८५७ मध्ये खासदार झाला आणि १८७२ मध्ये वारला. भारतातल्या कोळसुनाच्या उपजातीत त्याचं 'दुखुनेन्सिस' अजून टिकून आहे. आणि सुरुवातीला सांगितलेला तो नाइटजार? १८३२ मध्ये सायक्सने त्याचं नाव ठेवलं कॅप्रिमल्गस मराटेन्सिस, म्हणजे मराठ्यांचा. ज्यांच्याशी लढला, त्यांचंच नाव त्याने पाखराला दिलं आणि ते आजही चालतं. पोस्ट गेली त्या दिवशी त्याने वही मिटली असती, तर हे छापलंच गेलं नसतं.