हाफकिन: परळची लस आणि मुल्कोवालची बाटली

परळला आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या शेजारी, मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान उभे आहे. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे या वास्तूत पटकीने निधन झाले आणि त्यानंतर गव्हर्नरांनी येथे राहणे सोडले. पुढे सतरा वर्षांनी, १० ऑगस्ट १८९९ रोजी, त्याच दालनांत प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा सुरू झाली. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो. मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या अनेक वाचकांनी ही पाटी रोज येता-जाता वाचली असेल. त्या पाटीवरच्या माणसाला आपल्याच प्रयोगशाळेतून कोणत्या परिस्थितीत बाहेर पडावे लागले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते शिकले प्राणिशास्त्र. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ही गोष्ट पुढे त्यांना फार महागात पडणार होती. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहताना हा विद्यार्थी जखमी झाला, अटकेत गेला आणि मेच्निकॉव्ह यांच्या रदबदलीने सुटला. धर्मांतर केले असते तर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती. त्यांनी ते केले नाही आणि काही वर्षे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या नोकरीत काढली. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चर संस्थेत दाखल झाले. रिकामी होती ती ग्रंथपालाच्या सहायकाची जागा. तीच त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता.

याच काळात त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आता साथीच्या प्रदेशात तिची परीक्षा व्हायला हवी होती. त्यांचा विचार सयामला जाण्याचा होता. पण पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते; त्यांनी हिंदुस्थान सुचवला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या काठाल बागान या झोपडवस्तीत पटकीचे रुग्ण आढळले, तेव्हा शहराचे आरोग्याधिकारी सिम्पसन यांनी त्यांना बोलावून घेतले. हाफकिन यांच्यासोबत चार हिंदी डॉक्टर होते: चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त. वस्ती संशयाने धुमसत होती. मंडळींनी आधी जमावासमोर स्वतःला टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीने जे दगावले, ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. या प्रसंगात हाफकिन यांची कार्यपद्धती स्पष्ट दिसते. त्यांनी हाताखाली नुसती माणसे घेतली नाहीत. त्यांनी सहकारी तयार केले, आणि लोकांचा विश्वास त्या सहकाऱ्यांच्या हातांनी मिळवला. परकीय साहेबाने एकट्याने सुई उगारली असती तर वस्तीचे दार बहुधा उघडले नसते.

दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना पटकीची लस देऊन, मलेरियाने खंगलेले हाफकिन इंग्लंडला परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात आले. त्याच सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. हाफकिन ७ ऑक्टोबरला मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्या तीन महिन्यांच्या श्रमात एक सहायक मनाने कोलमडला आणि दोघे सोडून गेले.

लस बनविण्याची रीत मोठी कल्पक होती. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. पण गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लस नाकारली असती. म्हणून बोकडाचे मांस वापरले. त्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या बाजूने प्लेगचे जंतू झुंबराच्या लोलकांसारखे लोंबत वाढत. अशी वाढ दिसली की जंतू प्लेगचाच आहे याची खूण पटे. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड मिसळून बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही स्वतःला टोचून घेतली. पुढे सामान्यांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा ती मात्रा कितीतरी मोठी होती. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची पहिली परीक्षा झाली.

त्या वर्षाची आठवण महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी बंदोबस्त, घरझडत्या आणि सक्तीच्या छावण्या यांनी लोक इतके दुखावले होते की सरकारकडून आलेल्या कोणत्याही गोष्टीकडे संशयाने पाहिले जाई. हाफकिन मात्र सक्तीच्या विरोधात होते. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी समाजासमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला आपला बंगला दिला. तेथून १८९९ मध्ये बिऱ्हाड परळला आले.

लस देऊन ते थांबत नसत. तिचा हिशेब ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातील काहींना लस दिली आणि काहींना दिली नाही, म्हणजे तुलना एकाच छपराखाली व्हावी. नंतर मोजणी केली तेव्हा टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ मेले होते. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले होते आणि त्यांतले २६ मेले होते. आजच्या नैतिक निकषांवर हा प्रयोग वादग्रस्त ठरेल. पण आपल्या उपचाराचा परिणाम आपणच मोजून उघड मांडण्याची ही शिस्त त्या काळच्या वैद्यकात दुर्मीळ होती.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध प्रचंड मोहीम आखली. परळवर मागणीचा ताण आला. लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला: कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही पद्धत रुळलेली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. तिच्यावर ५३-एन असा क्रमांक होता. त्या दिवशी फोडलेल्या इतर बाटल्यांतून ज्या ८८ जणांना लस मिळाली, त्यांना काहीच झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचे प्राचार्य आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक असे तिघे तीत होते. दोष बाटली फुटण्यापूर्वीचा, म्हणजे परळचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि कार्बोलिक गाळणे ही चूक ठरविली. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. १९०४ मध्ये ते बिनपगारी रजेवर लंडनला गेले. वैद्यकीय पदवी नसलेला, रशियात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ लष्करी डॉक्टरांच्या सेवेवर अधिकार गाजवतो, हे काहींच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होते. या प्रकरणाची तुलना पुढे फ्रान्सच्या ड्रायफस खटल्याशी झाली, ती यामुळेच.

चौकशीची कागदपत्रे राजपत्रात प्रसिद्ध झाली ती थेट डिसेंबर १९०६ मध्ये. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी ती बारकाईने वाचली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली एक नोंद त्यांनी पुढे आणली. मुल्कोवालला बाटलीचे बूच काढताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच बाटली उघडण्यासाठी वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. शिवाय, परळहून निघतानाच लस दूषित झाली असती तर एकेचाळीस दिवस बंद बाटलीत वाढलेल्या त्या जंतूंची दुर्गंधी बूच काढताक्षणी जाणवली असती. तशी ती कोणालाही जाणवली नव्हती. आत विष साचले असते आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला नसता. जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्पसन आणि न्यूयॉर्कचे फ्लेक्सनर यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेण्याची तयारी दाखविली.

रुग्णसुरक्षेच्या बैठकांना बसणाऱ्या आपल्या वाचकांना या कथेतला सर्वात अस्वस्थ करणारा भाग ओळखीचा वाटेल. घटनेचा दुवा पहिल्यापासून जबाबांत होता. पण समितीला उत्तर हवे होते ते एका माणसाच्या नावाचे. बाटली परळहून निघाल्यापासून दंडात सुई शिरेपर्यंत तिला किती हात लागतात, त्यांतल्या शेवटच्या हाताला कोणी काय शिकवले आहे आणि चिमटा पडल्यावर थांबा म्हणण्याची मुभा त्या कंपाउंडरला होती का, हे प्रश्न कोणी मुळापर्यंत नेले नाहीत. वरिष्ठ डॉक्टर शेजारी, रांग लांबलचक, दिवस मावळायच्या आत काम उरकायचे. अशा वेळी चिमटा जमिनीवर पडला एवढे सांगायलाही धैर्य लागते.

हाफकिन यांची बाजू मांडताना एक गोष्ट दडवता येत नाही. इतक्या सौम्य कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत, हे खरे. पण ते लशीत असते तर बाटली उघडल्यानंतर आत शिरलेल्या जंतूंच्या वाढीला थोडा तरी आळा बसला असता. प्रयोगशाळेत ते निरुपयोगी भासले असेल. धुळीने भरलेल्या गावात, अनेकांना पुरणाऱ्या एका बाटलीत, तो चुकीसाठी ठेवलेला आधार होता. तो काढताना सुईपाशी उभ्या असलेल्या माणसांचा विचार जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही, असे माझे मत आहे. कंपाउंडरचा हात चुकला. पण हात चुकतातच, हे गृहीत धरणे वरच्या माणसांचे काम होते.

किंमत मोजली ती पंजाबने. मुल्कोवालनंतर मोहीम बसली आणि लशीवरचा विश्वास उडाला. १९०७ या एकाच वर्षी पंजाबात प्लेगने पाच लाखांहून अधिक माणसे गेली. त्यातली किती लशीने वाचली असती, हा हिशेब मांडायला हाफकिन यांच्यासारखाच माणूस हवा होता, आणि तो पाच वर्षे कामाबाहेर होता.

ते परतले तेव्हा परळची खुर्ची दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याची एक प्रयोगशाळा मिळाली, पण माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची परवानगी मिळाली नाही. उरलेली वर्षे संशोधनाच्या टाचणांत गेली. पहिले महायुद्ध सुरू असताना, पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि फ्रान्समध्ये जाऊन राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ ज्यू जीवनाकडे वळले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली, आणि त्या शाळांत धर्माबरोबर विज्ञान व व्यवसायशिक्षणही मिळावे अशी इच्छा नोंदविली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली, अशा आशयाचे कृतज्ञतेचे उत्तर हाफकिन यांनी पाठविले. मुल्कोवालचा त्यात उल्लेख नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. मुल्कोवाल आता पाकिस्तानात आहे.