मार्लवाईच्या दोन समाध्या

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनूरजवळच्या मार्लवाई या गोंड गावात दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक बेट्टी यांची, दुसरी त्यांचे पती, मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची. सातासमुद्रापलीकडचे हे जोडपे इथल्या मातीत कसे विसावले, हे आपल्या मुलाबाळांना माहीत असायला हवे. त्यांच्या कामात आपल्या मराठीचाही वाटा आहे.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे झाला. तिथल्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते पुढील अभ्यासासाठी लंडनला गेले. १९३६-३७ मध्ये त्यांनी नागा टेकड्यांत राहून संशोधन केले. १९३८ मध्ये बेट्टी बार्नार्डो यांच्याशी विवाह झाला आणि पुढच्या वर्षी दोघे भारतात आले. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया जर्मनीत सामील झाल्याने त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता. त्यामुळे इंग्रज सरकारने त्यांना निझामाच्या राज्याची हद्द ओलांडण्यास मनाई केली. ही नजरकैद त्यांनी सत्कारणी लावली. आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड यांच्यात राहून त्यांनी अभ्यास केला.

जोडेघाट येथे १९४० मध्ये कुमराम भीम यांना निझामाच्या पोलिसांनी ठार केले होते. राखीव जंगलांमुळे गोंडांची शेते सुटत होती. उरलेली जमीन सावकार आणि बाहेरून आलेले लोक बळकावत होते. या असंतोषाची कारणे हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाईत झोपडी बांधून, गोंडी भाषा शिकून समजून घेतली आणि सरकारपुढे मांडली.

नुसते अहवाल लिहून ते थांबले नाहीत. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्या काळी लिहिता-वाचता येणारे गोंड अगदी मोजके होते, आणि जे होते ते मराठी शिकलेले. त्यामुळे गोंडी मुलांची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. गोंडांच्या देवदेवतांच्या कथा कींगरीच्या साथीने गाणारे प्रधान तर घरात मराठीच बोलत. त्यांच्याकडून ऐकलेल्या परंपरेचा हायमेनडॉर्फ यांना मोठा उपयोग झाला. १९४८ चा त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ आजही आधार मानला जातो.

१९४५ पासून ते निझाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार होते. या काळात जिल्ह्यातील आदिवासी शेतकऱ्यांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. ज्या शेतातून केव्हाही हुसकावले जाण्याची भीती होती, ते शेत कागदोपत्री स्वतःचे झाले.

पुढे ते लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले, नेपाळातही त्यांनी मोठे काम केले. पण मार्लवाईशी नाते तुटले नाही. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर दोघे पुन्हा येऊ लागले. मधल्या काळात १९५६ ची भाषावार प्रांतरचना झाली होती. राजुरा तालुका पलीकडे गेला, इकडे शाळांची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. पट्टे मिळालेल्या कित्येक जमिनीही पुन्हा आदिवासींच्या हातून गेल्या होत्या. हे चित्र त्यांनी १९८२ च्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले.

११ जानेवारी १९८७ रोजी बेट्टी यांचे हैदराबादेत निधन झाले. त्यांची समाधी मार्लवाईत बांधण्यात आली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. २०१२ मध्ये त्यांचे अवशेष आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आले.

दरवर्षी ११ जानेवारीला गोंड बांधव आपल्या रीतीने या दोघांची पुण्यतिथी पाळतात. आपणही त्या दिवशी मुलांना घेऊन मार्लवाईला जावे. ज्या अक्षरांत आपण हे वाचत आहोत, त्याच अक्षरांत तिथली पहिली गोंडी शाळा भरली होती.