न उघडलेली छत्री

११ एप्रिल १९८४. राकेश शर्मा सुखरूप परतल्याची बातमी रेडिओवर ऐकली आणि आमच्या घरी पेढे वाटले. उड्डाणाचे कौतुक सगळ्यांनाच होते. सोयूझ यान जमिनीवर टेकले ते एका मोठ्या पॅराशूटच्या भरवशावर, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या छत्रीसाठी व्लादिमीर कोमारोव्ह यांनी मोजलेली किंमत मला फार उशिरा कळली.

१९२७ साली मॉस्कोत जन्मलेले कोमारोव्ह वैमानिक होते आणि इंजिनिअरही. प्रशिक्षणात हृदयाच्या ठोक्यांत दोष निघाला, तरी चिकाटीने ते टिकून राहिले. ऑक्टोबर १९६४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते ‘वोस्खोद-१’मधून अंतराळात गेले. त्याआधीचे रशियन अंतराळवीर उतरताना यानाबाहेर पडून स्वतःच्या छत्रीने खाली येत. हे तिघे यानात बसूनच उतरले.

‘सोयूझ-१’चे नशीब वेगळे होते. माणसाविना झालेल्या चाचण्यांत दोष निघाले होते. तरीही २३ एप्रिल १९६७ रोजी कोमारोव्ह एकटे निघाले. त्यांच्या जागी राखीव होते युरी गागारिन. कक्षेत एक सौर पंख उघडलाच नाही. तिघांना घेऊन येणाऱ्या दुसऱ्या यानाचे उड्डाण रद्द झाले. कोमारोव्ह यांनी अडखळणारे यान हाताने वळवून परतीच्या वाटेला लावले. अवघड काम फत्ते झाले होते!

खाली येताना छोटी छत्री उघडली. तिने मोठीला पेटीतून ओढून काढायचे, पण मोठी आतच घट्ट बसली. राखीव छत्री सुटली, तीही छोटीत गुंतली. २४ एप्रिलला ओरेनबर्ग भागात यान आदळले. कोमारोव्ह ४० वर्षांचे होते. मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी.

चौकशीनंतर छत्रीची पेटी मोठी करण्यात आली, आतून गुळगुळीत करण्यात आली. रिकामी याने उडवून पाहिली. सोयूझमध्ये पुन्हा माणूस बसला तो ऑक्टोबर १९६८ मध्ये. रद्द झालेले दुसरे यानही त्याच बनावटीचे होते. ते उडाले असते तर?

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या गगनयानाची रिकामी कुपी हेलिकॉप्टरमधून सोडून छत्र्यांची चाचणी झाली. बातमी पाहताना नात म्हणाली, “आजोबा, आत कुणीच नाही, मग कशाला टाकतात?”

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिला कोमारोव्ह यांची गोष्ट सांगितली.