अश्वविद्येचे आचार्य विष्णुपंत छत्रे

भारतीय सर्कशीचा पाया एका मराठी माणसाने घातला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? या अंकात आपण विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांची ओळख करून घेऊ या.

विष्णुपंत मूळचे सांगली भागातील अंकलखोपचे. घोडा आणि गाणे, या दोन्हींची त्यांना ओढ होती. त्यासाठी ते दूर ग्वाल्हेरला गेले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँ यांच्याकडे गायन, असे दुहेरी शिक्षण त्यांनी घेतले.

1879 मध्ये कियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. ती पाहून विष्णुपंतांनी अशीच सर्कस आपल्या माणसांची उभी करण्याचे ठरविले आणि लवकरच ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू झाली. सर्कशीचे रिंगण साधारण 42 फूट व्यासाचे असते. घोडा त्यात एकाच लयीत धावला, तरच पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा तोल टिकतो. ही लय घोड्याला शिकवावी लागते आणि त्यासाठी शिकविणाऱ्याच्या अंगी चिकाटी लागते. विष्णुपंतांकडे ती होती.

दक्षिणेत तेल्लीचेरीला त्यांची कीलेरी कुंजिकण्णन यांच्याशी गाठ पडली. या व्यायामशिक्षकांनी पुढे 1901 मध्ये सर्कशीच्या कसरती शिकविणारी शाळा काढली. केरळातील कसरतपटूंची मोठी परंपरा तेथूनच सुरू झाली.

परंतु आम्हांला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची गुरुनिष्ठा. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ अफूच्या व्यसनाने काशीत हलाखीत दिवस काढीत होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर आणले, सांभाळले आणि लोकांपुढे गायला बसविले. 1905 मध्ये विष्णुपंत निवर्तले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना पुढेही अंतर दिले नाही. 1922 मध्ये कुरुंदवाड येथे रहिमतखाँचे निधन झाले.

याचा आपल्या हुबळी-धारवाडशीही संबंध आहे. रहिमतखाँच्या गाण्याचा प्रभाव अब्दुल करीमखाँ यांच्यावर पडला. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी.

आज वाघ-सिंहांचे खेळ कायद्याने बंद आहेत आणि ते योग्यच झाले. पण मिळालेली विद्या इतरांना देणे आणि गुरूच्या घराला अडचणीत हात देणे, हे विष्णुपंतांकडून आपण सर्वांनी जरूर घ्यावे.