देहूचे तुकोबा आणि डोंगराची सोबत

आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास येते. पुढे सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घालतात. दीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतून तेव्हा प्रश्न निघतो : दारावरून जाणारा हा माणूस आपला की परका? पादुका घटकाभर बाजूला ठेवा, माणूस पाहा.

जन्म १६०८ चा. जात कुणबी, म्हणजे शास्त्राच्या लेखी शूद्र. घरी दुकान आणि सावकारी. १६३० च्या दुष्काळात दुकान बुडाले, पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. झाडाझुडपांत, पाखरांत त्यांनी सोबत शोधली आणि आपल्याच मनाशी वाद घातला. खाली उतरले ते सावकारीची निम्मी खते धाकट्या भावाला देऊन आपली निम्मी इंद्रायणीत बुडवायला. किती कुळे त्या दिवशी मोकळी झाली असतील!

पुढे शूद्राने वेदार्थ सांगितला म्हणून त्यांच्या वह्या त्याच नदीत बुडवायला लावल्या. तेरा दिवस ते काठावर उपाशी बसून राहिले. वह्या तरंगून वर आल्या, हा चमत्कार तुम्ही मानू नका. अभंग लोकांच्या तोंडी होते. ते कोणत्या पाण्यात बुडणार?

विठ्ठल त्यांचा, आपला नव्हे. तरीही ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढताना बाबासाहेबांनी त्याच्या माथ्यावर तुकोबांचाच अभंग छापला होता.