कारकून चार्ल्स लँब

आमच्या शाळेंतील वरच्या इयत्तांच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं शेक्सपिअरच्या नाटकांवरून लिहिलेल्या गोष्टींचें पुस्तक वाचलें असेल. त्या पुस्तकावर लँब हें नांव असतें. हा लँब कोण, असें विचारलें तर तो निबंधकार होता यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाहीं. त्यानें आयुष्याचीं तेहतीस वर्षें एका कचेरींत वह्या लिहिण्यांत घालविलीं. ती कचेरी आपल्या देशावर राज्य करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीचीच होती. आणि जिवाला कंटाळा येत असूनहि ती नोकरी त्यानें सोडली नाहीं, याचें कारण काय, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून त्याच्या ग्रंथांपेक्षां त्याच्या रोजच्या जीवनक्रमाविषयींच येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चार्ल्सचा जन्म 10 फेब्रुवारी 1775 रोजीं लंडन शहरांत इनर टेंपल येथें झाला. नांवावरून कोणास देऊळ वाटेल, परंतु हें वकिलांच्या एका जुन्या संस्थेचें आवार आहे. चार्ल्सचा बाप तेथील सॅम्युएल सॉल्ट नांवाच्या गृहस्थाच्या पदरीं कारकून व नोकर अशा दोन्ही नात्यांनीं होता. घरची स्थिति बेताची. पण धन्याच्या ग्रंथसंग्रहांतील पुस्तकें मुलांस वाचावयास मिळत. चार्ल्सहून दहा वर्षांनीं वडील असलेली बहीण मेरी हिनें त्याला अंगाखांद्यावर वाढविलें. आईपेक्षां तिचाच लळा त्याला अधिक होता, असें त्याच्या पुढील चरित्रावरून दिसतें.

सातव्या वर्षीं तो क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेंत गेला. ही शाळा गरीब मुलांसाठीं स्थापन झाली होती. तेथील मुलें लांब निळा डगला व पिवळे पायमोजे घालीत. 1902 सालीं शाळा लंडन सोडून हॉर्शम येथें गेली, तरी तो पोशाख अजून टिकून आहे. तेथें त्याला कोलरिज हा पुढें महाकवि म्हणून नांवाजलेला सोबती भेटला व त्यांची मैत्री मरेपर्यंत राहिली. कोलरिज विश्वविद्यालयांत गेला. लँबला जातां आलें नाहीं. शाळेच्या खर्चानें पुढें जाणाऱ्या मुलांनीं धर्मोपदेशक व्हावें अशी अपेक्षा असे, आणि लँब तर बोलतांना अडखळत असे. चौदाव्या वर्षीं त्याचें शिक्षण संपलें.

5 एप्रिल 1792 रोजीं तो लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउसमध्यें हिशेबखात्यांत लागला. पहिलीं तीन वर्षें उमेदवारीचीं. त्या मुदतींत पगार नाहीं, अल्पशी रक्कम बक्षीस म्हणून मिळे. काम काय? हिंदुस्थान व चीन येथून कंपनीच्या जहाजांनीं आलेला चहा, नीळ, कापड, औषधी द्रव्यें यांचा लंडनमध्यें लिलाव होई. कोणत्या व्यापाऱ्यानें किती माल कोणत्या भावानें घेतला, हें भल्या मोठ्या वह्यांत उतरावयाचें, बेरजा करावयाच्या आणि त्या पुन्हा ताडून पाहावयाच्या. आमच्या पालकांपैकीं जे कचेरींत खातेवह्या सांभाळतात त्यांस हें अधिक फोड करून सांगावयास नको. सुट्टी म्हणजे रविवार, नाताळांत एक दिवस, ईस्टरला एक दिवस आणि उन्हाळ्यांत एक आठवडा. पूर्वीं साधुसंतांच्या सणांचे दिवस सुट्टीचे असत, तेहि कंपनीनें हळूहळू काढून घेतले. याचें लँबला फार वाईट वाटे. तो उशिरां येतो अशी वरिष्ठानें तक्रार केली, तेव्हां त्याची भरपाई मी लवकर घरीं जाऊन करतों, असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे! मित्रांस लिहिलेलीं त्याचीं कित्येक पत्रें मात्र कचेरीच्याच मेजावर लिहिलेलीं आहेत, यांत शंका नाहीं.

येथें एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. 1818 सालीं पेशवाईची अखेर झाली, त्या घडामोडींचे खलिते इंग्लंडांत याच इमारतींत येत होते. त्याच छपराखालीं एक कारकून निळीच्या बेरजा करीत होता. हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नाहीं. तो त्याच्या वांट्यास आला तो आंकड्यांतून.

आतां आम्हांस एका दुःखद प्रसंगाकडे वळलें पाहिजे. तो टाळून लँबचें चरित्र सांगतां येत नाहीं.

1796 सालीं हें कुटुंब लिट्ल क्वीन स्ट्रीट येथें भाड्याच्या खोल्यांत राहत होतें. बाप वार्धक्यानें भ्रमिष्ट झालेला. आई अंथरुणास खिळलेली. मेरी दिवसां शिवणकाम करून चार पैसे मिळवी आणि रात्रीं आईची शुश्रूषा करी. वेडाचें बीज त्या घराण्यांतच असावें, कारण आदल्याच हिवाळ्यांत स्वतः चार्ल्सला सहा आठवडे वेड्यांच्या रुग्णालयांत राहावें लागलें होतें. 22 सप्टेंबर रोजीं जेवणाची तयारी चालली असतां मेरीचें देहभान एकाएकीं सुटलें. हातांतील सुरी घेऊन ती शिवण शिकावयास आलेल्या मुलीच्या मागें धांवली. आई मध्यें पडली आणि तो घाव आईवर बसला. चार्ल्सनें तिच्या हातांतून सुरी हिसकून घेतली, पण आई गतप्राण झाली होती. त्या वेळीं त्याला बावीसावें वर्ष चालू होतें.

चौकशींत मेरी वेडाच्या भरांत होती असा निर्णय झाला व तिच्यावर खुनाचा दोष आला नाहीं. परंतु पुढें तिचें काय करावयाचें? वडील भाऊ जॉन याचें मत असें पडलें कीं, तिला कायमचें वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें. जॉनला आम्ही फार दोष देत नाहीं. शंभरांतील नव्वद शहाणे लोक हेंच बोलले असते. चार्ल्सनें तें मान्य केलें नाहीं. आपण जन्मभर तिची जबाबदारी घेतों, असें त्यानें सरकारास लिहून दिलें. मग, हिशेबनीसच तो, त्यानें हिशेब मांडला. घरांत वर्षाला सुमारें 170 ते 180 पौंड येतात. त्यांतून 50 ते 60 पौंड मेरीसाठीं काढले तर तिला चांगल्या खासगी जागीं ठेवतां येईल. पुढें ती बरी झाल्यावर त्यानें तिला हॅक्नी येथें वेगळ्या खोल्यांत ठेवलें, आणि 1799 सालीं बाप वारल्यावर घरीं आणलें. कंपनीची नोकरी म्हणजे मेरीचें घर. ती नोकरी सुटली तर घर मोडेल. यानंतर पगाराचा एकहि महिना धोक्यांत घालण्याची त्याची छाती झाली नाहीं.

मेरीचें दुखणें पूर्ण बरें झालें नाहीं. बहुधा दर वर्षीं, कधीं त्याहूनहि लवकर, तें उलटे. एरवीं ती इतकी समंजस व गोड स्वभावाची होती कीं, मोठमोठे लेखक तिचा सल्ला घेत. दुखणें येऊं लागलें कीं तिला स्वतःलाच त्याची चाहूल लागे. मग दोघें बहीणभाऊ हात धरून शेतांतल्या वाटेनें रुग्णालयाकडे चालूं लागत. एका मित्रानें त्यांस असें जातांना पाहिलें. दोघेंहि रडत होतीं. शेजाऱ्यांत कुजबूज सुरू झाली म्हणजे बिऱ्हाड हलवावें लागे. किती बिऱ्हाडें झालीं तीं मोजण्यांत अर्थ नाहीं. 1819 सालीं लँबनें फॅनी केली या गुणी नटीला मागणी घातली. तिनें ती सौजन्यानें नाकारली, पण स्नेह तोडला नाहीं. त्यानें पुन्हा तो विषय काढला नाहीं.

असें असूनहि या घरांत हशा पिकत असे. आठवड्यांतून एका संध्याकाळीं, बहुतकरून बुधवारीं, मित्रमंडळी जमे. पत्त्यांचा डाव, थंड मांस, बिअर, तंबाखूचा धूर आणि मध्यरात्रीपर्यंत काव्यशास्त्रविनोद! कारकून, कवि, पत्रकार, कफल्लक विद्वान, सर्वांस दार उघडें. लँब अडखळत अडखळत कोटी करी आणि सगळी खोली हंसे. मद्य तो अधिक घेई, हेंहि खरें आहे. तें झांकण्यांत आम्हांस कांहीं स्वारस्य दिसत नाहीं. बहीणभावांस नाटकाचा मोठा षोक. 1806 च्या डिसेंबरांत त्यानें स्वतः लिहिलेलें एक प्रहसन ड्रुरी लेन नाट्यगृहांत झालें आणि पहिल्याच रात्रीं पडलें. प्रेक्षक शीळ घालूं लागले, तेव्हां ग्रंथकर्ताहि त्यांच्याबरोबर शीळ घालूं लागला! दुसरा षोक जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा. एका जाड ग्रंथासाठीं कित्येक आठवडे मन मारावें, जुनाच पोशाख आणखी थोडे दिवस वापरावा आणि अखेर शनिवारीं रात्रीं तो ग्रंथ घरीं आणावा, हा आनंद त्यानें एका निबंधांत वर्णिला आहे.

रविवारीं तो पायीं फिरावयास निघे; दहा-बारा मैल म्हणजे त्याला कांहींच नव्हे. लांबचा प्रवास मात्र क्वचित् घडे, कारण रजा थोडी आणि मेरीची प्रकृति नाजूक. 1802 सालीं मात्र दोघें सरोवरांच्या प्रदेशांत केसिक येथें कोलरिजच्या घरीं तीन आठवडे राहून आलीं. स्किडॉ पर्वतावर चढून तो खरोखर थक्क झाला. परत आल्यावर कांहीं दिवस त्याला स्वतःचें लंडन आणि स्वतःचें कारकुनी काम अगदीं क्षुल्लक वाटलें. पण तें कांहीं दिवसच. डोंगरांवांचून आपलें अडत नाहीं, दिवे, दुकानें, गर्दी आणि पुस्तकांच्या टपऱ्या हेच आपले सोबती, असें त्यानें वर्डस्वर्थसारख्या निसर्गभक्त कवीला पूर्वींच स्पष्ट कळविलें होतें. 1822 सालीं तीं फ्रान्सला गेलीं. वाटेंतच मेरीचें दुखणें उलटलें. मॅनिंग या नांवाचा त्याचा एक मित्र मात्र कँटनला गेला आणि 1811 सालीं बंगालच्या वाटेनें ल्हासाला पोंचला. तेथें पोंचणारा तो पहिला इंग्रज होय. मेजाशीं बांधलेला लँब त्याला लंडनच्या थट्टेच्या बातम्या पाठवी.

ज्या पुस्तकापासून आम्हीं आरंभ केला तें 1807 सालीं निघालें. त्यांतील वीस गोष्टींपैकीं चौदा मेरीच्या व सहा चार्ल्सच्या. शोकान्त नाटकें भावानें घेतलीं, सुखान्त बहिणीनें. म्हणजे आमच्या मुलांस आवडणाऱ्या बहुतेक गोष्टी मेरीनेंच लिहिल्या आहेत. तरी प्रथम छापल्या त्या वेळीं पुस्तकावर तिचें नांव नव्हतें. तीं दोघें एकाच मेजावर समोरासमोर बसून लिहीत, कचेरी सुटल्यावर. 1820 पासून लंडन मॅगझीन या मासिकांत ईलिया या नांवानें त्याचे निबंध येऊं लागले आणि कारकून लँब सर्व इंग्लंडास ठाऊक झाला. मजा ही कीं, ईलिया हें एका जुन्या कारकुनाचेंच नांव होतें.

29 मार्च 1825 रोजीं कंपनीनें त्याला सेवेंतून मोकळें केलें. वेतन 450 पौंड ठरलें. घरीं येतांना आपण तुरुंगांतून सुटलों असें त्याला वाटलें. पण मोकळीक अंगवळणी पडेना. सगळेच वार सारखे झाले. रविवारची गोडी गेली. तो जुन्या मेजाकडे, सोबत्यांकडे फिरून फिरून जाऊं लागला. पुढें मेरीच्या प्रकृतीसाठीं लंडन सोडून एनफील्ड व नंतर एडमंटन येथें राहावें लागलें. मेरीचीं दुखणीं लांबत चाललीं, आणि शेवटच्या घरांत, जेथें तिची देखभाल होई, तेथेंच तोहि राहिला. 1834 च्या जुलैंत कोलरिज वारला. डिसेंबरांत फिरावयास गेला असतां लँब ठेंच लागून पडला, तोंडाला जखम झाली, ती चिघळली, आणि 27 डिसेंबर रोजीं त्याचा अंत झाला.

निवृत्तिवेतन घेतांना त्यानें एक व्यवस्था करून ठेविली होती. 450 पौंडांतून दर सालीं 9 पौंड कापून घ्यावे आणि आपल्यामागें मेरी राहिल्यास कंपनीनें तिला पोटापुरतें द्यावें, अशी ती व्यवस्था होती. कंपनीनें ती पाळली. मेरी त्यावर आणखी बारा वर्षांहून अधिक जगली. बरें वाटे तेव्हां ती संध्याकाळीं एडमंटनच्या स्मशानांत भावाच्या थडग्यापाशीं जाऊन येई. 20 मे 1847 रोजीं ती वारली व तिला त्याच थडग्यांत पुरण्यांत आलें. इंडिया हाउसची इमारत 1861 सालीं पाडण्यांत आली.